दगडातले आम्ल आणि पाण्याचा थेंब

आम्ल म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? चिंच, लिंबू, आंबट ताक. आणि शाळेत थोडेफार रसायनशास्त्र शिकलेल्यांना आठवते ती गंधकाम्लाची जाड काचेची बाटली. हे सगळे पातळ पदार्थ. पण तळहातावर घेतली तर नुसती पांढरी माती वाटावी अशी एक कोरडी भुकटी असते आणि ती गंधकाम्लाचे काम करते, असे कोणी सांगितले तर आपला चटकन विश्वास बसणार नाही. तरीसुद्धा आपण पंपावर जे पेट्रोल भरून घेतो, त्याचा बराचसा भाग अशाच भुकटीच्या संगतीत तयार झालेला असतो. तिला शास्त्रज्ञ ‘घन आम्ल उत्प्रेरक’ म्हणतात. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ म्हणा ना! दोन्ही पक्षांना एकत्र आणतो, काम उरकतो आणि स्वतः जसाच्या तसा दुसऱ्या घरी जायला मोकळा.

मी रसायनशास्त्राचा नव्हे, इतिहासाचा अध्यापक. मग हा विषय माझ्याकडे आला कसा? त्याला कारण एक जुनी वही.

आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे एक सहकारी आहेत, वयाने माझ्याहून वडील. त्यांच्या विभागाला रंग द्यायचा म्हणून कपाटे रिकामी करीत होते. त्यांत पुठ्ठ्याची एक जाडजूड वही निघाली. मी सहज विचारले, “सर, हे काय?” ते हसून म्हणाले, “ही माझी वाया गेलेली दोन वर्षं.” तरुणपणी ते संशोधन करीत होते. सिलिका आणि ॲल्युमिना ह्यांच्या मिश्र भुकटीची आम्लता मोजायची, हे त्यांचे काम. भुकटीवर विशिष्ट रंगद्रव्याचे थेंब टाकायचे; भुकटी पुरेशी तीव्र आम्ल असेल तर ती पिवळी होते. मे महिन्यात ती झकास पिवळी होई, जुलैत जेमतेम. भुकटी तीच, बाटली तीच, माणूस तोच. आकडे मात्र वेगळे. त्यांच्या मार्गदर्शकांनी जुलैच्या सगळ्या पानांवर तांबड्या शाईने फुली मारली आणि ‘हाताला शिस्त नाही’ असा शेरा दिला. संशोधन तेथेच थांबले. मी विचारले, “मग चूक कोणाची?” ते म्हणाले, “पाण्याची. आणि पाण्याला साक्षीला बोलवायचं असतं, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.”

इतिहासाच्या माणसाला साक्ष हा शब्द पुरेसा असतो. मी त्या पाण्याच्या मागे लागलो. त्या शोधात जे हाती आले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

गोष्ट सुरू होते १७५६ साली स्वीडनमध्ये. क्रोनस्टेट नावाचा एक खनिजशास्त्रज्ञ होता; निकेल हा धातू शोधून काढणारा तोच. फुंकणीच्या ज्योतीत तो निरनिराळे दगड धरून पाही. एका जातीचा दगड ज्योतीत धरताच फसफसला, फुगला, जणू उकळू लागला. त्याने ग्रीक शब्दांवरून त्याला नाव दिले ‘झिओलाइट’, म्हणजे उकळणारा दगड. उकळत होते ते अर्थात दगडाच्या पोटातले पाणी. हे दगड आपल्याला परके नाहीत. पुणे, नाशिक, जळगाव ह्या भागांतल्या खाणींत काळा पाषाण फोडताना कधी कधी आत पोकळी निघते आणि तिच्यात पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांचे घोस चमकतात. त्यांतले कित्येक झिओलाइट असतात आणि दख्खनच्या ह्या स्फटिकांचे नमुने जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. माझ्या सहकाऱ्यांनी खडीच्या ढिगाऱ्यातून आणलेला असा एक तुकडा परीक्षानळीत हलकेच तापवून मला दाखवला. नळीच्या वरच्या थंड भागावर दंव धरावे तसे पाण्याचे बारीक थेंब जमले. दगडातून पाणी! लहानपणी ऐकलेल्या चमत्कारकथा आठवल्या. पण खरा चमत्कार पुढेच आहे. पाणी गेले तरी दगडाचा सांगाडा ढासळत नाही. बाहेर ठेवला तर हवेतला ओलावा पिऊन तो पुन्हा भरतो. ही गोष्ट दामूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४० सालीच नोंदवून ठेवली होती.

आता दुसरा धागा घेऊ. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये चार रसायनशास्त्रज्ञ मिळून काम करीत असत. मद्यार्काची वाफ तापलेल्या मातीवरून नेली तर तिच्यातून पाणी निघून जाते आणि एक ज्वालाग्राही वायू उरतो, असे त्यांच्या ध्यानात आले. हाच आजचा एथिलीन. मातीचे ह्यात काय काम, हे त्यांना सांगता आले नाही. ‘कॅटॅलिसिस’ हा शब्दच बर्झेलियसने पुढे १८३५ साली घडवला. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात इपातिएफ ह्याने हीच क्रिया शुद्ध ॲल्युमिनावर करून दाखवली. म्हणजे पाहा, घन आम्लाचे पहिले काम पाणी काढून टाकण्याचे. पाण्याशी त्याचे नाते जन्मापासूनचे आहे.

हा इपातिएफ क्रांतीनंतर काही वर्षांनी, १९३० साली, अमेरिकेस गेला. तेथे त्याने फॉस्फरिक आम्ल एका सच्छिद्र मातीत जिरवून, वाळवून त्याचे घट्ट दाणे केले. तेलशुद्धीच्या कारखान्यांत निघणारे वायू ह्या दाण्यांवरून नेले की त्यांचे पेट्रोल बने. हे दाणे वापरणाऱ्या कारागिरांना एक गोष्ट लवकरच कळली. वायू फार कोरडा असला की दाण्यातले आम्ल आपले पाणी गमावून बसते, त्याचा कस उतरतो आणि त्यावर काजळी धरते. वायू फार ओला असला की दाणा मऊ पडतो, त्याचा चिखल होतो आणि नळ्या तुंबतात. म्हणून वायूबरोबर मोजके पाणी पाठवावे लागे. ताकात मीठ घालावे तसे: कमी नको, जास्त नको. का, ते तेव्हा कोणी फारसे विचारीत नव्हते. कारखाना चालला म्हणजे झाले!

ह्याच सुमारास ऊजेन हूद्री नावाचा एक फ्रेंच अभियंता धडपडत होता. पहिल्या महायुद्धात रणगाडा-पथकात लढलेला, मोटारींच्या शर्यतींचा षोकी. चांगल्या मोटारीला चांगले पेट्रोल हवे, ह्या ध्यासापायी त्याने शेकडो पदार्थ तपासले. शेवटी त्याच्या हाती लागली आम्लाने धुतलेली माती, आपल्या मुलतानी मातीच्याच गोतावळ्यातली. जड तेलाची वाफ तापलेल्या मातीवरून नेली की तेलाचे लांब रेणू तुटतात आणि उत्तम पेट्रोल मिळते. फ्रान्समध्ये त्याला आश्रय टिकला नाही, म्हणून तोही अमेरिकेस गेला. १९३७ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील मार्कस हूक येथे त्याच्या पद्धतीचा मोठा कारखाना सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी जे उच्च प्रतीचे पेट्रोल लागले, त्यात ह्या मातीचा वाटा फार मोठा होता. पुढे नैसर्गिक मातीच्या जागी कृत्रिम सिलिका-ॲल्युमिना आली. तीच माझ्या सहकाऱ्यांच्या बाटलीतली भुकटी.

युद्ध संपले आणि शास्त्रज्ञांना सवड मिळाली तेव्हा प्रश्न उभा राहिला: ह्या मातीत आम्ल आहे तरी कोठे?

येथे क्षणभर थांबून आम्ल म्हणजे काय ते पाहू या. १९२३ साली ह्या प्रश्नाची दोन उत्तरे पुढे आली. डेन्मार्कच्या ब्रन्स्टेडने म्हटले, जो प्रोटॉन देऊ शकतो तो आम्ल. इंग्लंडच्या लॉरीनेही स्वतंत्रपणे तेच सांगितले. प्रोटॉन म्हणजे आपला एकुलता एक इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन. अमेरिकेच्या लुईसने म्हटले, जो दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारतो तो आम्ल. एकाच्या मते आम्ल हा दाता, दुसऱ्याच्या मते याचक. बाटलीतल्या आम्लांच्या बाबतीत दोन्ही व्याख्या सुखाने नांदत होत्या. मातीच्या बाबतीत मात्र वाद पेटला.

१९४७ साली हॅन्सफर्ड ह्या अमेरिकन संशोधकाने असा विचार मांडला की, ह्या भुकटीचे आम्लत्व तिच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटलेल्या पाण्यातून येते. भुकटी अतिशय कडक वाळवली तर तिची करामत मंदावते आणि किंचित पाणी दिले की परत येते. १९४९ साली टॉमसने त्याची रचना समजावून सांगितली. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसला की एक ऋण भार शिल्लक उरतो. तो भागवायला एक प्रोटॉन जवळ राहतो. तोच आम्ल. म्हणजे हा दात्याचा पक्ष झाला. लगेच १९५० साली मिलिकेन, मिल्स आणि ओब्लाड ह्यांनी दुसरी बाजू मांडली. ते म्हणाले, खरा कर्ता आहे तो इलेक्ट्रॉनांना भुकेलेला ॲल्युमिनियम. हा याचकाचा पक्ष. दोन्ही बाजूंना नाणावलेले संशोधक, दोन्ही बाजूंना प्रयोगांचे आधार. आणि गंमत अशी की, दोघांचेही प्रयोग बरोबर होते!

हे कसे काय? इतिहासात दोन बखरी परस्परविरुद्ध बोलतात तेव्हा आम्ही विचारतो: लिहिणारा कोठे बसला होता? येथे विचारायला हवे होते: भुकटी किती वाळवली होती? पृष्ठभागावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन ह्यांच्या जोड्या असतात. भुकटी खूप तापवली की अशा दोन जोड्यांतून पाण्याचा एक रेणू उडून जातो आणि मागे राहतो उघडा पडलेला, भुकेलेला ॲल्युमिनियम. दाता गेला, याचक उरला. त्यावर पुन्हा थोडे पाणी पडले की ॲल्युमिनियम त्या रेणूला धरतो, त्याच्यातला प्रोटॉन सैल होतो आणि याचकाचा परत दाता होतो. प्रत्येक प्रयोगशाळेची भट्टी वेगळी, तापमान वेगळे, हवेतला ओलावा वेगळा. ‘कोरडी भुकटी’ हा शब्द सर्वांचा एकच. कोरडेपणा मात्र ज्याचा त्याचा.

ह्या वादाचा निवाडा केला अवरक्त किरणांनी. १९५४ साली मेप्स आणि आयशेन्स ह्यांनी भुकटीवर अमोनिया सोडून तिच्यातून हे किरण पाठवले. अमोनियाला प्रोटॉन मिळाला की तो एका रीतीने कंप पावतो आणि नुसता ॲल्युमिनियमला चिकटला की दुसऱ्या. किरणांत दोन्ही खुणा उमटल्या. १९६३ साली पॅरीने हेच काम पिरिडीन वापरून अधिक स्वच्छपणे करण्याची रीत दाखवली. ती जगभरच्या प्रयोगशाळांत आजही चालते. तिने पुढे हेही डोळ्यांना दिसले की, पाणी सोडताच याचकाची खूण फिकी होते आणि दात्याची गडद.

तर मग भरपूर पाणी द्यावे, म्हणजे आम्ल भरपूर वाढेल? तसेही नाही. थोडे पाणी प्रोटॉन जागा करते. फार पाणी त्याला घेऊन जाते. भोवती पाण्याचे अनेक रेणू जमले की प्रोटॉन मातीला सोडून त्यांच्यात मिसळतो. मग मूळ आम्ल कितीही जहाल असो, काम करणारा उरतो तो पाण्याने वेढलेला प्रोटॉन, आणि त्याची ताकद ठरलेली. शिवाय ज्या जागेवर तेलाचा रेणू यायचा, ती जागा पाणीच अडवून बसते. जुलैत माझ्या सहकाऱ्यांची भुकटी पिवळी का होत नव्हती, ह्याचे उत्तर हेच. पावसाळी हवेतल्या ओलाव्याने प्रोटॉनांना आपल्या पांघरुणात घेतले होते.

येथे आपल्या कथेचे दोन धागे एकत्र येतात. झिओलाइट हा सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन ह्यांचाच, पण रेखीव खोल्या-खोल्यांचा वाडा. त्याच्यातले सोडियम काढून तेथे प्रोटॉन बसवला की तो फार जोमदार आम्ल होतो. नैसर्गिक दगडांवर अवलंबून न राहता ते प्रयोगशाळेत घडवण्याची विद्या १९५० च्या आसपास साधली होती. १९६२ साली प्लँक आणि रोझिन्स्की ह्यांच्या संशोधनातून झिओलाइट तेलाच्या कारखान्यात आला आणि जुन्या भुकटीची सद्दी संपली.

पण कारखान्यात एक शत्रू वाट पाहत होता: पाण्याची वाफ. तेल तोडताना उत्प्रेरकावर काजळी धरते. ती जाळून टाकावी लागते आणि जाळताना वाफ होते. सहाशे-सातशे अंशांची ही वाफ झिओलाइटच्या भिंतींतून ॲल्युमिनियम उपटून काढते, वाडा खचतो. आणि ह्यावरचा उपाय? तोही वाफच! मॅकडॅनियल आणि माहर ह्यांना आढळले की, झिओलाइटला आधीच बेताने वाफेत तापवले तर काही ॲल्युमिनियम सुटतो, रिकाम्या जागा सिलिकॉन भरून काढतो आणि वाडा पूर्वीपेक्षा भक्कम होतो. ह्याचे वर्म कर ह्या संशोधकाने दाखवले. त्याने एकच पदार्थ दोन रीतींनी तापवला. एकदा जाड थरात, म्हणजे निघणारी वाफ आतच कोंडून राहील असा. एकदा पातळ थरात, म्हणजे वाफ लगेच निघून जाईल असा. पहिला दणकट झाला, दुसरा नाजूक राहिला. फरक फक्त थराच्या जाडीचा, म्हणजेच पाण्याचा. भातावर झाकण ठेवले की नाही, ह्यावर भात कसा होतो ते ठरावे, तसेच हे!

पुढच्या पिढीने पाण्याशी भांडण्याऐवजी त्याच्याबरोबर संसार करणारी घन आम्ले शोधली. ज्या झिओलाइटात ॲल्युमिनियम थोडा आणि सिलिकॉन पुष्कळ, त्याच्या भिंतींना पाण्याचे फारसे प्रेम नसते. तेलाच्या रेणूंचे अधिक असते. १९७२ च्या एका अमेरिकन पेटंटातून प्रसिद्ध झालेला ‘झेडएसएम-५’ हा असा. जपानमध्ये मिझुशिमा येथे १९९० पासून ह्या झिओलाइटची भुकटी चक्क पाण्यात कालवून सायक्लोहेक्झॅनॉल बनवण्याचा कारखाना चालू झाला. पन्नास वर्षांपूर्वी ही कल्पना कोणी ऐकून घेतली नसती.

आपल्याकडचेही एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली, आणि ती आहे पाषाण भागात. झिओलाइटच्या संशोधनाला ह्याहून समर्पक पत्ता कोणता! बेंझीनपासून एथिलबेंझीन करताना परदेशांत एथिलीन वायू वापरीत आणि त्याच्या जोडीला ॲल्युमिनियम क्लोराइड. हे ॲल्युमिनियम क्लोराइड म्हणजे पाण्याचे हाडवैरी: थेंब पडला की धुमसते आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर सोडते. पुण्याच्या संशोधकांनी एथिलीनऐवजी मद्यार्कच वापरायचे ठरवले. उसाच्या मळीपासून मद्यार्क करणे हे आपल्याकडे जुनेच. पण मद्यार्कात पाणी असते आणि क्रिया होताना आणखी पाणी सुटते. तेव्हा पाण्यात टिकणारे घन आम्ल हवे. त्यांनी तसा झिओलाइट घडवला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस विशाखापट्टणमच्या कारखान्यात ही ‘अल्बीन’ प्रक्रिया प्रत्यक्ष चालू झाली.

ह्या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. पातळ आम्ल वापरले की काम झाल्यावर ते वेगळे काढावे लागते, मारावे लागते आणि त्याचा गाळ शेवटी कोणत्या तरी ओढ्यात जातो. घन आम्ल गाळून घेता येते, पुन्हा वापरता येते. उद्या उसाच्या चिपाडापासून, शेतातल्या पाचटापासून इंधने आणि रसायने करायची, तर ह्या सगळ्या मालात पाणी ठासून भरलेले. तेव्हा पाण्यात कोणते आम्ल तग धरील, हा प्रश्न केवळ विद्वानांचा राहत नाही. ओढ्याकाठच्या गावाचाही होतो.

आता त्या वहीकडे वळतो. मी ती पुन्हा मागून घेतली. फुल्या मारलेली पाने नीट पाहिली. प्रत्येक पानाच्या समासात बारीक अक्षरात तारीख, वेळ आणि हवा लिहिलेली: ‘झड लागली आहे’, ‘उघडीप’, ‘रात्रभर पाऊस’. मी ती पाने आमच्या सहकाऱ्यांपुढे ठेवली. समासातली हवा आणि रकान्यातला आकडा आम्ही ओळीने ताडून पाहिला. उघडीप असेल तेव्हा आकडा वर, झड असेल तेव्हा खाली. दोन-चार अपवाद सोडले तर सगळीकडे तसेच. ज्या पानांवर फुली होती, त्या पानांनी खरी साक्ष दिली होती. हाताला शिस्त नसलेला माणूस समासात पाऊस टिपून ठेवीत नाही.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, ह्या वर्षी एम.एस्‌सी.च्या मुलांना हाच प्रयोग देतो. मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा.” वही परत कपाटात गेली नाही. ती आता प्रयोगशाळेच्या टेबलावर असते, आणि मुले पहिल्या पानापासून समास आखून घेतात.